प्रिंटके टाकला की चालतं, काढला की नेटवर्क गप्प: ड्रायव्हरमधली रेस कशी शोधायची

सोलापूरला अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या शेडमध्ये मागांचे पिक (आडव्या धाग्याच्या फेऱ्या) मोजून सर्व्हरला पाठवणारे छोटे लिनक्स डबे बसवलेत. त्यांच्या नेटवर्क ड्रायव्हरची देखभाल माझ्याकडे असते. बोर्ड वेगळा, चिप वेगळी, कधी इंटेल तर कधी एआरएम, पण फोन एकाच प्रकारचा येतो. मागांची देखभाल करणारा जॉबर सांगतो, "साहेब, दिवा लागलाय, माग चालू हाय, पण आकडा पुढं सरकंना." डबा बंद करून चालू केला की काही दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच.

दर वेळी त्यामागे रेस असतेच असं नाही. (रेस म्हणजे दोन कोर, किंवा प्रोसेस आणि इंटरप्ट, एकाच डेटाला एकाच वेळी हात घालतात आणि कोण आधी पोचतं यावर निकाल ठरतो, ती चूक.) पण असते तेव्हा ती इतकी सारखी असते की तपासणीचा क्रम आता हाताला बसलाय. तोच इथे देतोय. लेख लिनक्स कर्नलमधल्या ड्रायव्हरबद्दल आहे. सी आणि मॉड्यूल बांधणं येतं असं धरलंय.

लक्षणं

सगळ्यात जास्त दिसणारं लक्षण: इंटरफेस अप, लिंकचा दिवा हिरवा, पण एकही पॅकेट बाहेर पडत नाही. डीमेसगमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) "नेटडेव्ह वॉचडॉग, इथ०, ट्रान्समिट क्यू ० टाइम्ड आउट" अशी ओळ आणि तिच्याखाली स्टॅक. वॉचडॉगची ठरलेली मुदत ५ सेकंद असते. नंतर काही ड्रायव्हर स्वतःला रीसेट करून पुन्हा कामाला लागतात, म्हणून तक्रार "मध्येच जरा अडकतंय" एवढीच येते आणि कोणी मनावर घेत नाही.

दुसरं: एक कोर शंभर टक्क्यांवर, आणि कन्सोलवर "सॉफ्ट लॉकअप, सीपीयू २ स्टक फॉर २२ सेकंद". आकडा बहुतेकदा २२ च्या आसपासच असतो, कारण वॉचडॉगची मूळ मर्यादा १० सेकंद आहे आणि सॉफ्ट लॉकअप तिच्या दुप्पट वेळ वाट बघून ओरडतो.

तिसरं: शेवटचं पॅकेट अडकतं, आणि पुढचं निघालं की दोन्ही एकदम जातात. सतत रहदारी असलेल्या लाइनवर हे कुणाच्या लक्षातही येत नाही. ज्या मागाचा आकडा मिनिटातून एकदाच जातो, तिथे लगेच दिसतं.

चौथं: ३२ बिट बोर्डावर बाइट मोजणारा काउंटर एका क्षणी सुमारे ४२९ कोटींनी वर उडी मारतो आणि पुढच्या वाचनाला जागेवर येतो. ६४ बिट आकडा दोन अर्ध्यांत वाचला गेला, आणि मधल्या मधे दुसऱ्या कोरने तो बदलला. यावर औषध ठरलेलं आहे, यू६४_स्टॅट्स_सिंक वापरायचं. या लक्षणावर मी पुढे काही लिहिणार नाही.

पाचवं: नल पॉइंटरचा ऊप्स (कर्नलमधल्या घातक चुकीचा अहवाल), तोही जिथे वरच्याच ओळीत नल तपासलाय तिथे.

या सगळ्यांना जोडणारी एक खूण आहे आणि मी ती आधी विचारतो: बघायला गेलं की बिघाड गायब होतो का? प्रिंटके (लॉगमध्ये ओळ छापणारं फंक्शन) टाकला की चालतं. डिबग पर्याय लावून बांधलं की चालतं. ऑफिसातल्या इंटेल मशिनवर चालतं, शेडमधल्या एआरएम डब्यावर अडकतं. कोडची एक ओळ बदलली नाही, फक्त जीसीसीची आवृत्ती बदलली, आणि चांगलं चाललेलं बिघडलं. यातलं एकही नसेल आणि डबा दर वेळी त्याच कृतीवर पडत असेल तर तो साधा बग आहे. आनंदाने नेहमीच्या पद्धतीने शोधा.

आधी उष्णता, वीज आणि केबल

हसू नका. मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर असतो. पत्र्याच्या शेडमध्ये, मागाशेजारच्या बंद पॅनलमध्ये काय होत असेल ते बघून या. त्यात टॉवेलच्या कापसाची तूस हीटसिंकवर गालिच्यासारखी बसते. माग सुरू होतात तेव्हा व्होल्टेज खाली बसतं, आणि स्वस्तातला अॅडॉप्टर ते बोर्डापर्यंत पोचवतो. रास्पबेरी पाय असेल तर व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड चालवा. उत्तर शून्य सोडून काहीही आलं तर कोड उघडू नका. अॅडॉप्टर बदला, पॅनलला हवा द्या.

हे आधी का? हार्डवेअरचा बिघाड आणि रेस लांबून सारखेच दिसतात, दोन्ही आपल्या मर्जीने येतात. जवळून मात्र फरक आहे. हार्डवेअर बिघडलं की दर वेळी स्टॅक वेगळा, कधी फाइल सिस्टम, कधी यूएसबी, कधी नेटवर्क. रेस मात्र त्याच एक-दोन फंक्शनच्या आसपास घुटमळते. इथटूलने आकडेवारी काढून सीआरसी चुका वाढतायत का तेही बघा. वाढत असतील तर केबल, कनेक्टर किंवा मोटरच्या तारेला चिकटून नेलेली लाइन, हेच कारण असतं.

डीमेसग पहिल्या ओळीपासून

लोक शेवटचा ऊप्स पाठवतात. मला पहिली वॉर्निंग हवी असते. मेमरी एकदा बिघडली की नंतर पडणारा जो कोणी असेल तो निष्पाप असू शकतो. लॉग नेटवर्कवरून दुसरीकडे पाठवणारा नेटकन्सोल इथे फारसा कामाचा नाही, कारण नेटवर्कच मेलंय. सीरियल केबल लावा किंवा पीस्टोअर चालू ठेवा. कर्नलमध्ये बाहेरचं काय शिरलंय ते सांगणाऱ्या टेंटच्या अक्षरांकडेही बघा. "ओ" असेल तर झाडाबाहेरचं (मुख्य कर्नलच्या कोडमध्ये नसलेलं) मॉड्यूल चढलंय, "पी" असेल तर बंद कोडचं. "पी" दिसलं तर पुढचा बराचसा लेख तुमच्या हातातला नाही, शेवटच्या भागाकडे जा.

वॉचडॉगबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ड्रायव्हरने एनडीओ_टीएक्स_टाइमआउट हे फंक्शन दिलंच नसेल तर कर्नल त्या इंटरफेससाठी वॉचडॉग सुरूच करत नाही. म्हणजे क्यू तासभर बंद पडून राहिली तरी लॉग कोरा. मेसेज नाही म्हणून क्यू ठीक आहे असं धरू नका.

क्यू खरंच अडकली आहे का, हे बघायला दोन आकडे पुरतात. टीसीने क्यूडिस्कची (ड्रायव्हरच्या आधी कर्नल लावतं त्या पॅकेटांच्या रांगेची) आकडेवारी काढा आणि बॅकलॉग, म्हणजे रांगेत थांबलेला माल, बघा. मग सिसएफएसमध्ये त्या इंटरफेसच्या टीएक्स-० क्यूखाली बाइट_क्यू_लिमिट्समधलं इनफ्लाइट, म्हणजे हार्डवेअरला दिलेले पण पोच न मिळालेले बाइट, बघा. ड्रायव्हर ही सोय वापरत असेल तर उत्तर जवळपास तिथेच मिळतं. बॅकलॉग वाढतोय आणि इनफ्लाइट एका आकड्यावर थिजलंय, तर पाठवलेल्या पॅकेटची पोच हार्डवेअरकडून आली नाही किंवा इंटरप्ट हरवला. बॅकलॉग वाढतोय आणि इनफ्लाइट शून्य, तर सगळी पोच मिळाली, रिंग (हार्डवेअरला द्यायच्या पॅकेटांची गोल यादी) रिकामी आहे, फक्त क्यूला कोणी उठवलं नाही. या दुसऱ्या चित्राने मला अजून तरी फसवलेलं नाही: ती हरवलेली जाग असते. तिच्याकडे खाली सविस्तर येतो.

मेकफाइल आणि आवृत्ती

मेकफाइल बघायला दोन मिनिटं लागतात आणि कोणी बघत नाही. व्हेंडरने दिलेल्या ड्रायव्हरच्या मेकफाइलमध्ये ओ-थ्री (कंपायलरची जास्त आक्रमक ऑप्टिमायझेशन पातळी) घुसवलेला सापडतो, किंवा कर्नलची केबिल्ड पद्धत सोडून सरळ जीसीसीला हाक मारलेली असते. कर्नल ओ-टूवर बांधलं जातं, पण सोबत कंपायलरला लगाम घालणारे बरेच पर्याय असतात: स्ट्रिक्ट अलायसिंग बंद, नल तपासणी गाळणं बंद, आणि मूळ कोडमध्ये नसलेलं लिखाण स्वतःहून घालणं बंद. केबिल्ड सोडली की हे सगळे लगाम सुटतात.

नल तपासणीच्या पर्यायाला तर इतिहास आहे, आणि तो नेटवर्क कोडमधलाच आहे. २००९ साली टन या आभासी नेटवर्क ड्रायव्हरच्या पोल फंक्शनमध्ये आधी पॉइंटर वापरला होता आणि त्यानंतर तो नल आहे का ते तपासलं होतं. कंपायलरने हिशेब केला: वापरलाय म्हणजे नल नसणार, मग तपासणी कशाला? ती त्याने काढून टाकली, आणि त्यातून सुरक्षेचं मोठं भोक उघडं पडलं. त्यानंतर कर्नल बांधताना हा पर्याय कायमचा आला.

मॉड्यूल आणि कर्नल एकाच कंपायलरने बांधलेत का हेही बघून घ्या. प्रॉक व्हर्जनमध्ये कर्नलचा कंपायलर लिहिलेला असतो.

मग कर्नलची आवृत्ती. तिसरं लक्षण, म्हणजे शेवटचं पॅकेट अडकणं, ही बऱ्याचदा तुमच्या ड्रायव्हरची करणी नसते. पीफिफो_फास्ट ही क्यूडिस्क २०१८ च्या ४.१६ मध्ये बिनलॉकची झाली, आणि तीत पॅकेट अडकण्याची रेस होती. दुरुस्ती २०२१ मध्ये ५.१३ च्या वेळी आली. मधल्या काळातलं जुनं कर्नल घेऊन बसलेले बोर्ड अजून शेडमध्ये आहेत. टीसीने रूटला एफक्यू_कोडेल लावून बघा. लक्षण गेलं तर स्वतःचा कोड चाळण्याआधी कर्नलची स्थिर शाखा अद्ययावत करा. दुसऱ्याने दुरुस्त केलेली रेस पुन्हा शोधण्यात शहाणपण नाही.

एकाच कोरवर चालवून बघा

बूटच्या वेळी मॅक्ससीपीयूज १ द्या. रीबूट सोडून खर्च काही नाही. बिघाड पूर्ण गेला तर दोन कोरांमधली रेस असण्याचा संशय दाट होतो. राहिला तर रेस नाही असं मात्र म्हणता येत नाही, कारण त्याच कोरवर प्रोसेसच्या मधे इंटरप्ट किंवा सॉफ्टआयआरक्यू घुसतोच. त्या वेळी आधी साधं स्पिन_लॉक वापरून सॉफ्टआयआरक्यू अडवणारं बीएच-वालं विसरलंय का ते बघा.

सगळे कोर चालू ठेवून फक्त इंटरप्ट एका कोरला बांधणं ही याच तपासणीची सौम्य आवृत्ती आहे, आणि चालू शेडमध्ये तीच बरी. मालकाला "रात्रपाळीपुरता डबा हळू चालेल" एवढंच सांगावं लागतं.

कर्नललाच विचारा

आता वेळ लागणारं काम सुरू होतं. वेगळं कर्नल बांधा, शेडमध्ये नाही तर टेबलावरच्या बोर्डावर. पहिल्या फेरीत प्रूव्ह_लॉकिंग आणि प्रूव्ह_आरसीयू हे पर्याय, म्हणजे लॉकचा क्रम तपासणारं लॉकडेप चालू होतं. लॉकडेपने काही दाखवलं तर आधी ते मिटवा, कारण लॉकचा क्रमच चुकलेला असताना बॅरियरची (वाचन-लिखाणाचा क्रम पक्का करणाऱ्या खुणेची) चर्चा व्यर्थ आहे.

दुसऱ्या फेरीत केसीसॅन, डेटा रेस पकडणारं साधन. हे साधन २०२० साली ५.८ मध्ये मुख्य कर्नलमध्ये आलं. सुरुवातीला फक्त एक्स८६-६४ वर होतं, आता एआरएम६४ वरही चालतं. ३२ बिट एआरएम बोर्डवाल्यांना मात्र ते मिळत नाही. त्यांनी तोच ड्रायव्हर ६४ बिटवर बांधून तपासावा. जीसीसी ११ किंवा त्यापुढचा हवा. त्याची युक्ती सोपी आहे: मेमरीच्या हजारो वाचना-लिखाणांतून अधूनमधून एक निवडायचं, त्या पत्त्यावर पहारा लावायचा, क्षणभर थांबायचं, आणि तेवढ्यात दुसरं कोणी तिथे हात घालतं का ते बघायचं. मूळ सेटिंगमध्ये साधारण ४००० मधून एकावर पहारा बसतो, आणि थांबा प्रोसेसमध्ये ८० मायक्रोसेकंदांचा तर इंटरप्टमध्ये २० चा असतो. म्हणून पाच मिनिटं चालवून "काही सापडलं नाही" म्हणू नका. आयपर्फ३ ने भार टाका, शेजारी इंटरफेस वरखाली करणारी स्क्रिप्ट चालवा, आणि रात्रभर सोडा.

अहवालात दोन स्टॅक असतात. वरचा आणि खालचा, दोन्ही तुमच्या ड्रायव्हरचे असतील तर काम तुमचं. मूळ सेटिंगमध्ये शब्दाएवढं साधं लिखाण एका दमात होतं असं केसीसॅन धरून चालतो, त्यामुळे तो बरंच पोटात घालतो. तुमच्या एका ड्रायव्हरपुरतं काटेकोर बघायचं असेल तर केसीसॅन_स्ट्रिक्ट लावा.

एक इशारा. अहवाल गप्प करायला दिसेल तिथे रीड_वन्स आणि राइट_वन्स (हे वाचन-लिखाण नेमकं एकदाच कर, असं कंपायलरला सांगणाऱ्या खुणा) चिकटवत सुटू नका. त्याने इशारा जातो, रेस जात नाही. उलट पुढच्या वाचणाऱ्याला वाटतं की इथे कोणीतरी विचार केलाय.

आता कोड वाचा, कंपायलरच्या जागी बसून

कंपायलरला दुसरा कोर दिसत नाही. सीचं २०११ चं प्रमाणक सांगतं की एका जागेवर एक थ्रेड लिहितोय आणि दुसरा त्याच वेळी साधेपणाने वाचतोय, असा प्रोग्रॅम वैधच नाही. म्हणून तो तसं काही घडत नाही असं समजून मोकळेपणाने कोड फिरवतो. लूपमधलं वाचन लूपबाहेर नेतो. रजिस्टर कमी पडले तर एकदा वाचलेली जागा पुन्हा वाचतो. एक लिखाण दोन तुकड्यांत करतो. दोन ओळींचा क्रम उलटवतो. तुम्ही कोडमध्ये खूण केली नाही तर यातलं काहीही चूक ठरत नाही. पाचव्या लक्षणाचं मूळ इथेच आहे: प्रायव्हेट स्ट्रक्चरमधला पीअर पॉइंटर तपासला, वापरला, आणि मधल्या क्षणात दुसऱ्या कोरने तिथे नल ठेवला. आधी लोकल व्हेरिएबलमध्ये घेतला तरी साध्या असाइनमेंटने हमी मिळत नाही, कंपायलर पुन्हा मूळ जागेवरून वाचू शकतो. रीड_वन्सने पुन्हा वाचणं थांबतं. पण दुसरा कोर ती वस्तू फ्रीही करत असेल तर रीड_वन्सने काही होत नाही, तुम्ही फ्री झालेली मेमरी व्यवस्थित एकदाच वाचाल इतकंच. तिथे आरसीयू, म्हणजे वाचणारे संपेपर्यंत मेमरी न सोडण्याची कर्नलची सोय, हवी: आरसीयू_डिरेफरन्स, आरसीयूचं वाचन-कुलूप, आणि फ्री करणाऱ्या बाजूला केफ्री_आरसीयू, असं तिन्ही लागतं.

अनुभवी लोकांच्या कोडमध्येही हे निसटतं. २०१३ चं उदाहरण बघा. यूडीपी पॅकेट आलं की कर्नल हॅश तक्त्यातल्या एका साखळीत त्याचं सॉकेट शोधतं, लॉक न घेता. साखळीच्या टोकाला साधा नल नसतो, साखळीचा क्रमांक असतो. चालता चालता एखादं सॉकेट दुसऱ्या साखळीत हललं, तर आपण भलत्याच टोकाला पोचतो. क्रमांक जुळत नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. सगळी योजना या "पहिल्यापासून" वर उभी आहे. जीसीसीने साखळीचं पहिलं टोक रजिस्टरमध्ये धरून ठेवलं. पुन्हा सुरुवात करताना मेमरीत न बघता तोच जुना पत्ता वापरला. तो नोड आता दुसऱ्या साखळीत, टोकाचा क्रमांक पुन्हा चुकीचा, पुन्हा सुरुवात, आणि कोर त्यातच गरगरत राहतो. दुरुस्ती काय, तर लूप सुरू होण्याआधी एक कंपायलर बॅरियर. तो बॅरियर एकही मशीन सूचना तयार करत नाही, फक्त कंपायलरला सांगतो की मेमरीबद्दल जे समजून बसला होतास ते विसर.

आता हरवलेली जाग. माझ्याकडे येणाऱ्या डब्यांत सर्वांत जास्त हीच सापडते.

पाठवणारी बाजू रिंगमध्ये डिस्क्रिप्टर (पॅकेटची नोंद) भरते. जागा संपत आली की नेटइफ_स्टॉप_क्यू म्हणते, मग पुन्हा एकदा जागा बघते, कारण मधल्या वेळात झाली असेल तर थांबायचं कारण नाही. पोच घेणारी बाजू दुसऱ्या कोरवर असते. ती झालेले डिस्क्रिप्टर मोकळे करते, कन्झ्युमरचा आकडा पुढे नेते, मग क्यू थांबलीय का बघते, थांबली असेल तर उठवते. कागदावर चोख. पण प्रत्येक कोरचं लिखाण आधी त्याच्या स्टोअर बफरमध्ये जातं. पहिल्या पाळीचा जॉबर "माग थांबवलाय" अशी चिठ्ठी लिहितो आणि फळ्याकडे बघतो, दुसऱ्या पाळीचा "सूत आलंय" अशी चिठ्ठी लिहितो आणि फळ्याकडे बघतो; दोघांच्या चिठ्ठ्या अजून खिशातच, फळा कोरा, आणि दोघंही निघून जातात. क्यू थांबलेली, रिंग रिकामी, उठवणारं कोणी नाही. वर सांगितलेलं "बॅकलॉग वाढतोय, इनफ्लाइट शून्य" ते हेच.

उपाय म्हणजे दोन्ही बाजूंना, लिखाण आणि वाचन यांच्या मधे, एसएमपी_एमबी हा पूर्ण बॅरियर. दोन्ही बाजूंना. एकीकडेच लावला तर काही उपयोग नाही. आणि एसएमपी_डब्ल्यूएमबी (फक्त लिखाणांचा) किंवा एसएमपी_आरएमबी (फक्त वाचनांचा) लावून भागत नाही, कारण इथे लिखाणानंतरचं वाचन अडवायचं आहे.

"पण इंटेलवर क्रम पक्का असतो ना?" हे मला नेहमी ऐकवलं जातं. एक्स८६ लिखाणामागे लिखाण आणि वाचनामागे वाचन यांचा क्रम पाळतं. लिखाणानंतरचं वाचन मात्र त्याच्याही आधी पुढे सटकू शकतं. क्यू थांबवणारं सेट_बिट एक्स८६ वर लॉक लावूनच येतं, त्यामुळे ती बाजू फुकटात सुटते. पोचेची बाजू सुटत नाही. म्हणून इंटेलवर हा बिघाड क्वचित दिसतो आणि एआरएमवर, जिथे त्या सेट_बिटला काहीच क्रम नसतो, वारंवार. हीच चाचणी इंटेल लॅपटॉपवर क्यूईएमयूमध्ये एआरएमची नक्कल करून घ्यायला जाऊ नका. खालचा प्रोसेसर इंटेलच असल्याने एआरएमची ढिलाई तिथे उतरत नाही. खरा बोर्ड लागतो.

ड्रायव्हर नव्या कर्नलवर असेल तर हे हाताने लिहूच नका. २०२३ च्या ६.४ पासून नेटडेव्ह_क्यूज हेडरमध्ये थांबवण्या-उठवण्याचे तयार मॅक्रो आहेत, बॅरियर आत घालूनच.

केसीसॅन या बाबतीत बहुधा गप्प बसेल. दोन्ही बाजूंच्या वाचना-लिखाणावर खुणा व्यवस्थित असतील आणि फक्त बॅरियर राहिला असेल, तर त्याच्या व्याख्येत ती डेटा रेस नाही. अशा वेळी कर्नलच्या टूल्समधलं मेमरी-मॉडेल फोल्डर उघडा. ते २०१८ पासून कर्नलसोबत येतं. तिथल्या नमुन्यांत "एसबी" ने सुरू होणाऱ्या छोट्या चाचण्या म्हणजे हुबेहूब हेच चित्र आहे. आपले दोन तुकडे त्या साच्यात बसवून हर्ड७ या साधनाला द्या. वाईट शेवट शक्य आहे की नाही ते तो सगळ्या शक्यता तपासून सांगतो. बोर्ड तापवत बसण्यापेक्षा हे फार स्वस्त पडतं.

असेंब्ली आणि बायसेक्ट

कंपायलरने नेमकं काय केलं हे बघायचं तर बांधलेल्या कोडची असेंब्ली दाखवणारा ऑब्जडंप. पूर्ण फाइल नको, ते एक फंक्शन. लूपच्या आत मेमरीतून लोड होतोय की लूपआधी एकदाच, एवढंच शोधा. मेकफाइलमध्ये एका ऑब्जेक्टपुरता ओ-वन देता येतो; दोन्ही प्रकारांनी बांधून शेजारी ठेवून बघा. संपूर्ण कर्नल ओ-झीरोवर बांधायला जाऊ नका, ते बांधलंच जात नाही. कर्नलचा बराच कोड ऑप्टिमायझेशन होणारच असं धरून लिहिलाय.

आधी चांगलं चालत होतं आणि कर्नल बदलल्यावर बिघडलं, अशी पक्की खात्री असेल तरच गिट बायसेक्ट, म्हणजे बदलांची यादी दर फेरीला अर्धी करत दोषी बदल शोधणं. एका आवृत्तीत दहा-बारा हजारांच्या वर बदल असतात, म्हणजे चौदाएक फेऱ्या. रेस असेल तर प्रत्येक "चांगलं" फेरीला भरपूर वेळ द्यावा लागतो. एक फेरी घाईत चांगली ठरवली की पुढचं सगळं वाया. म्हणून हे इतकं खाली ठेवलंय.

इंजिनिअरिंग कॉलेजातून आमच्याकडे येणारी पोरं विचारतात, "सर, व्होलाटाइल लावलं की झालं ना?" नाही रे बाबा. व्होलाटाइल कंपायलरला अडवतो, प्रोसेसरला नाही, आणि दोन ओळी मिळून एक काम असेल तर त्यांना बांधून ठेवत नाही. कर्नलच्या कागदपत्रांत तो वापरू नका असं सांगणारं वेगळं पान आहे. प्रिंटके टाकून सोडणंही तसंच. ते बाहेरचं फंक्शन असल्याने कंपायलर त्यानंतर मेमरी पुन्हा वाचतो, शिवाय वेळ जातो, म्हणून बिघाड दबतो. यूडिलेने (मुद्दाम घातलेल्या थांब्याने) दबतो, ओ-वनने दबतो. ही सगळी निदानाची साधनं आहेत. डिलिव्हरीत गेली की पुढच्या कंपायलरबरोबर बिघाड परत येतो, आणि तोवर तो प्रिंटके "अनावश्यक लॉग" म्हणून कोणीतरी साफ केलेला असतो.

कधी थांबायचं

जो बॅरियर तुम्ही लावताय त्याची जोडी दुसऱ्या बाजूला कुठल्या ओळीवर आहे हे बोट ठेवून दाखवता येत नसेल, तर थांबा. जोडी नसलेला बॅरियर म्हणजे महागडा यूडिले.

केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) लावल्यावर दर वेळी वेगळ्या, ड्रायव्हरशी संबंध नसलेल्या ठिकाणी मेमरी बिघडलेली दिसत असेल तर थांबा, डीएमए (चिपचं थेट मेमरीत लिहिणं) चुकीच्या पत्त्यावर जात असण्याची शक्यता आहे आणि तिथे चिपची कागदपत्रं असलेला माणूसच हवा. त्याच डब्यावर हिशेबाचा डेटा असेल तर पहिल्या ऊप्सलाच तो बाजूला काढा.

दोन्ही स्टॅक कर्नलच्या गाभ्यातले असतील, टीसीपी किंवा सॉकेटच्या कोडमधले, आणि तुमचा ड्रायव्हर कुठेच नसेल, तर स्वतः पॅच करू नका. गेट_मेंटेनर स्क्रिप्ट त्या फाइलवर चालवा, जबाबदार लोकांची नावं मिळतील. बंद कोडचं मॉड्यूल असेल तर चिपवाल्याच्या सपोर्टकडे जा. कोणी ऐकून घेण्याआधी मॉड्यूल काढून चाचणी करायला सांगतीलच, तेव्हा आधीच करून ठेवा.

तोवर शेड चालू राहायला हवं. इंटरप्ट एका कोरला बांधा, हार्डवेअर वॉचडॉग चालू करा, आणि बॅकलॉग मिनिटभर हलला नाही तर इंटरफेस खाली-वर करणारी छोटी स्क्रिप्ट लावा. हे उपाय नाहीत हे मालकाला लिहून द्या, नाहीतर तेच कायमचे होतात.

तक्रार पाठवताना पहिल्या वॉर्निंगपासूनचा पूर्ण डीमेसग, तोही डीकोड_स्टॅकट्रेस स्क्रिप्टमधून काढून, म्हणजे पत्त्यांऐवजी ओळींचे क्रमांक दिसतील, कर्नलची कॉन्फिग फाइल, कंपायलरची आवृत्ती, बोर्ड आणि कोरांची संख्या, मॅक्ससीपीयूज १ चा निकाल, आणि बॅकलॉग व इनफ्लाइटचे बिघाड चालू असतानाचे आकडे एवढं जोडा. कुठे प्रिंटके टाकल्यावर बिघाड गेला होता ती ओळही सांगा. शोधणारा तिथूनच सुरुवात करेल.